एका ओवीइतका ताप

"गार आहे," अप्पा म्हणाले आणि मोटरवरचा हात उचलून त्यांनी पॅन्टला पुसला. "निघा बाई."

खामकरबाईंनी गाडीवर बसल्या बसल्याच मान मागं वळवली. "नक्की ना पांचाळमामा? एक ज्योतिषीसुद्धा मला नक्की म्हणाला होता. त्याला वीस वर्षं झाली, अजून अक्षता पडायच्यात."

"त्यानं कागद बघून सांगितलं असेल. मी हात लावून सांगतोय."

बाई हसल्या आणि त्यांची इलेक्ट्रिक गाडी पुन्हा गुंगुं करत चढाला लागली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं होती, ती खडीवर खडखडत होती. मी आमची पेट्रोलची स्कूटर तिच्या मागं घेतली. अप्पा माझ्या पाठीशी बसले. यवतेश्वरच्या घाटातलं ते तिसरं वळण. खाली सातारा उन्हात पसरला होता, समोर अजिंक्यताऱ्याची माची लख्ख दिसत होती, पण माझं लक्ष कशातच नव्हतं. मी पुन्हा घड्याळ बघितलं. साडेनऊ. मागच्या वळणावर बघितलं तेव्हा नऊ सत्तावीस झाले होते.

याला आता आठ वर्षं होऊन गेली. तरी तो चढ आठवला की माझी पावलं अजून बसल्या जागी हलायला लागतात.

बाईंच्या डाव्या पायात लहानपणापासून पोलिओ. घाटावरच्या सावरवाडीच्या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका, आणि पोरं अकरा. वर जाणारी एसटी शाळा सुटायच्या सुमाराला पोचायची, म्हणून त्यांनी ही गाडी घेतली. पण गाडी सपाटीवरची. मागच्या चाकात बसवलेली तिची मोटर घाटात दोनदा जळाली. दुसऱ्यांदा तर ऐन चढावर. जोर गेला, ब्रेक पेलेना, आणि गाडी बाईंना घेऊन मागं घरंगळली. रस्त्याकडेचा कठडा आडवा आला म्हणून बाई वाचल्या. तेव्हापासून शिक्षण खात्यातल्या साहेबांनी शहरातल्या शाळेचा बदलीचा कागद तयार ठेवला होता. बाई गेल्या की वरच्या शाळेला कुलूप, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाई आमच्या दुकानात येऊन म्हणाल्या होत्या, "मामा, ही तिसरी मोटर तुम्ही भरून द्या. ती वर पोचली तर मी वर. नाही पोचली तर सोमवारी सही करते." आम्ही घाट चढत होतो तो शुक्रवार होता.

आमचं दुकान मोटर रिवाइंडिंगचं. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, पंखे, जे जळेल ते आमच्याकडं यायचं. जळकं तांबं काढायचं, नवी तार भरायची, वार्निश पाजायचं. आई होती तेव्हा ती फर्म्यावर, म्हणजे वेटोळ्याच्या साच्यावर, तार गुंडाळायला बसायची. जात्यावर बसल्यासारखी पाय पसरून, एका हातानं मूठ फिरवत, आणि फेरे मोजायच्या ऐवजी ओव्या म्हणत. त्यातली एक अप्पांनी आपल्या हाताला बांधून घेतली होती:

तांब्याची गं तार, हिला किती घालू येढे
धन्याच्या माझ्या हाता, ऊन लागू नये थोडे

मोटर किती तापलीय ते अप्पा या ओवीवर बघायचे. चालत्या मोटरच्या कवचावर तळहात टेकवायचा आणि ओवी म्हणायची. ओवी पुरी होईतो हात टिकला तर मोटर सुखात आहे. तिसऱ्या चरणाला हात सुटला तर तिला विसावा द्यायचा. पहिल्याच चरणाला सुटला तर बटण बंद. साताऱ्यातल्या कितीतरी गिरण्या या ओवीवर चालल्या. आई गेल्यावरही अप्पांनी ओवी सोडली नाही. उलट ती म्हणताना ते डोळे मिटायला लागले.

मी डिप्लोमा करून पुण्यात इलेक्ट्रिक गाड्या जोडायच्या कारखान्यात दोन वर्षं काढली होती. आई गेल्यावर परत आले. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये एक डबी होती आणि डबीत तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर. सकाळी निघताना मी तो अप्पांसमोर धरला.

"मोटरला बाहेरून चिकटवते अप्पा. हँडलवर आकडा दिसेल. ठरल्या आकड्याला बाई थांबतील."

"आकडा दिसेल. मग मी घाटात कशाला येऊ? आरती ओवाळायला?"

"तसं नाही हो..."

"कांचे, पस्तीस वर्षांत या हातानं एक मोटर जळू दिलेली नाही. आधी हा हात खोटा ठरव, मग तुझा तांदूळ लाव."

डबी मी पर्समध्ये परत टाकली. स्कूटरच्या खड्ड्याखड्ड्याला ती आत खुळखुळत होती, आणि माझं मन तिच्याबरोबर.

बाई गाडी अगदी दमानं हाकत होत्या. गाभण म्हशीला उतारावरून नेतात तशी. मी स्कूटर बाजूला घेऊन ओरडले, "बाई, जरा जोरात घ्या! रखडत चढलं की मोटर जास्त तापते!"

"अगं, जपतेय मी तिला!"

"घाई करू नका बाई," मागून अप्पा म्हणाले. "तुम्ही तुमच्या चालीनं चला. मी आहे."

मी आहे. दुकानात कुणी गिरणीवाला रडत आला की अप्पा हेच म्हणायचे. पूर्वी ते ऐकून मला झोप लागायची. त्या दिवशी मात्र स्कूटरच्या सीटवर मुंग्या असल्यासारखं होत होतं.

चौथ्या वळणावर थांबलो. मी बाईंच्या गाडीमागं दगड लावले. अप्पा उकिडवे बसले, हात टेकवला, डोळे मिटले. आणि मला वास आला. मेथी कढईत करपायच्या जरा आधी येतो तसा. अजून करपलेली नाही, पण आता तिला सोडून जाता येत नाही.

"अप्पा, वास येतोय."

"नवं वार्निश आहे. पहिल्या तापाला वास देणारच."

"हात नीट लागलाय ना?"

त्यांनी एक डोळा उघडला. "मोठ्यानं म्हणू का? म्हणजे तुझी खात्री होईल."

आणि खरंच मोठ्यानं ओवी म्हटली. बाईंनीही शेवटच्या चरणाला सूर लावला. बाईंचा गळा गोड होता, वारा होता, कठड्यावर एक खार शेपटी उडवत बसली होती. ओवी पुरी झाली. हात जागचा हलला नव्हता.

"गार," अप्पा म्हणाले. "निघा."

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

चौथ्यापासून पाचव्या वळणापर्यंतचा चढ अंगावर येणारा. बाईंची गाडी माणसाच्या चालीवर आली. गुंगुं आवाजाला आता घरघर लागली होती, की मलाच तसं वाटत होतं? पाचव्या वळणावर पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. इथून पुढचा तुकडा सगळ्यात खडा. मागच्या वेळी गाडी घरंगळली ती इथंच. कठड्याला बाईंच्या गाडीचा निळा रंग अजून चिकटलेला होता. तो बाईंनीही बघितला आणि पाण्याची बाटली काढली.

मी दगड लावले. अप्पा बसले. हात टेकवला.

"तांब्याची गं तार..."

बाईंच्या हातून बाटलीचं झाकण निसटलं. ते धरायला त्या वाकल्या आणि बाटली कलंडली. पाणी सीटवरून ओघळलं, चाकावर आलं. एक थेंब मोटरच्या कवचावर पडला, अप्पांच्या बोटांपासून दोन बोटं अंतरावर.

चुर्र.

थेंब नाहीसा झाला.

"...हिला किती घालू येढे..."

दुसरा थेंब पडला. चुर्र. अप्पांचे डोळे मिटलेले. चेहरा शांत, देवघरात बसल्यासारखा. तळहात त्या कवचावर पुरा टेकलेला.

"...धन्याच्या माझ्या हाता..."

गेल्या दिवाळीत पहिल्या आंघोळीचं पाणी असं कढत निघालं होतं की बादलीत बोट घालून मी किंचाळले होते. अप्पा त्याच बादलीतून तांब्यावर तांब्या अंगावर घेत राहिले. आम्ही हसलो होतो. चप्पल पायातून निसटून रस्त्यात राहायची आणि ते एका पायात चप्पल घालून घरी यायचे. मी त्याला विसरभोळेपणा म्हणायची. अप्पांना साखरेचा आजार होऊन बारा वर्षं झाली होती. या सगळ्या गोष्टी माझ्याकडं सुट्या सुट्या पडून होत्या. तो थेंब उडाला आणि त्या एकमेकींना येऊन चिकटल्या.

"...ऊन लागू नये थोडे." अप्पांनी हात काढला. "चालेल. निघा बाई."

बाईंनी चावी फिरवली.

"बाई, थांबा!" मी ओरडले. दोघंही माझ्याकडं बघायला लागले. बाईंच्या देखत मी काय सांगणार होते? की या माणसाचा हात मेलाय? पस्तीस वर्षं ज्या हातावर लोक विसंबले, तो? "माझ्या... माझ्या पोटरीत गोळा आलाय. दहा-पंधरा मिनिटं बसू द्या."

मी रस्त्याच्या कडेला बसकण मारली आणि पाय चोळायला लागले.

"अगं, स्कूटरवर बसून तुला गोळा येतो, आणि चढतीय माझी गाडी!" बाई म्हणाल्या. "सव्वादहाला पोरं फाटकाला लोंबकळायला लागतील."

अप्पा माझ्याकडं निरखून बघत होते. "कुठल्या पायात आला?"

"उजव्या."

"मग डावा का चोळतीयस?"

माझा हात थांबला. वर रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न देत उतरला आणि गेला. अप्पांनी माझ्या नजरेचा माग काढला. माझ्या तोंडावरून चाकावर, चाकावरून ओल्या सीटवर, सीटवरून बाईंच्या हातातल्या बाटलीवर. मग त्यांनी बाटली मागून घेतली. चूळभर पाणी ओंजळीत घेतलं आणि कवचावर सोडलं.

चर्र करून वाफ उठली.

ते बघत राहिले. मग, मला उठायला वेळ मिळायच्या आत, त्यांनी हात पुन्हा टेकवला. या वेळी डोळे उघडे ठेवून. आपल्याच हाताकडं ते असे बघत होते, की जणू दुकानात कुणी ओळख न देता येऊन बसलंय.

मी धावले आणि मनगट धरून हात ओढून काढला. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी, रुपयाएवढे दोन पांढरे चट्टे उठले होते. एकाच्या कडेनं फोड धरायला लागला होता.

"दुखतंय?"

"नाही," अप्पा म्हणाले.

मी मनगट सोडलं नाही.

"अप्पा, बाईंना मी सांगते. म्हणते, तारेचा सांधा सुटलाय..."

"गप."

ते उठले. गुडघ्यावर हात न टेकता उठले. बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"बाई, चावी काढा. खाली उतरा. मोटर भयंकर तापलीय."

"पण आत्ता तर तुम्ही चालेल म्हणालात."

"म्हणालो. मागच्या वळणावरही गार म्हणालो. तेही खरं नसणार." त्यांनी तळहात पुढं केला. "याला कळत नाही. कधीपासून कळत नाही तेही मला कळलेलं नाही. तुम्हाला घेऊन मी इथपर्यंत आलो, या हाताच्या भरवशावर."

बाईंनी हाताकडं बघितलं. मग पुढच्या चढाकडं. मग कठड्यावरच्या निळ्या रंगाकडं. त्यांच्या ओठावरचं हसू पार गेलं होतं. सावकाश पाय सोडवत त्या खाली उतरल्या आणि काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

"मामा," त्या म्हणाल्या, "माझी पोरं गणित चुकलं की पाटीवर थुंकी लावून पुसतात. मी बघायच्या आत. तुम्ही न पुसता पाटी दाखवलीत." मग माझ्याकडं वळून, "तू मात्र माझ्या वर्गात हवी होतीस गं. निदान खोटं कसं बोलावं ते शिकली असतीस. उजवा म्हणते आणि डावा चोळते!"

मला हसू आलं नि रडूही आलं. मी माझा हात कवचाजवळ नेला. 'तांब्याची' म्हणायला तोंड उघडलं आणि 'ता'लाच हात झटकला.

अप्पांच्या हातावर मी पाणी ओतत राहिले, बाटली संपेपर्यंत. मग ओला रुमाल गुंडाळला. अप्पा म्हणाले, "बाईंना वर सोडून ये. मी इथं बसतो."

बाईंना स्कूटरवर मागं बसवून मी सावरवाडीला नेलं. पोरं खरंच फाटकाला लोंबकळत होती. "बाईंची नवी गाडी!" म्हणून एकानं आमच्या खटारा स्कूटरलाच हात लावला. बाईंनी उतरताना माझा खांदा दाबला आणि एवढंच म्हणाल्या, "सोमवारच्या आत सांग. होईल की नाही. खरं काय ते सांग."

परत पाचव्या वळणावर आले तेव्हा अप्पा दगडावर बसले होते. गुंडाळलेला हात मांडीवर उताणा. मोटरकडं बघत होते.

"तुझा तो तांदूळ काढ," ते म्हणाले.

मी डबी उघडून त्यांच्यासमोर धरली.

"कुठं चिकटवणार होतीस?"

"इथं. कवचाला, बाहेरून."

"म्हणजे तोही माझ्यासारखाच बोलणार." त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं कवचावर न टेकता एक गोल काढला. "आत तांबं जळायला येतं तेव्हा हे वरचं कवच कुठं नुसतं तापायला लागलेलं असतं. ताप बाहेर यायला वेळ लागतो. मी हात लावायचो बाहेरून, पण पोटात किती असेल ते मनात धरायचो. इतकी वर्षं तेच करत होतो. तुझा दाणा मन कुठून आणील? त्याला आत घाल. तारेच्या पोटात, ज्या फेऱ्यांना वारा लागत नाही तिथं."

"ती जागा मला कशी कळेल?"

"मला माहीत आहे."

माझी नजर त्यांच्या हातावरच्या रुमालाकडं गेली. त्यांनी ती पकडली.

"ताप कळत नाही आता," ते म्हणाले. "जागा माहीत आहे."

शनिवारी आणि रविवारी आम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढून ती मोटर उघडली. वार्निश काळवंडलं होतं, पण तांबं वाचलं होतं. अप्पांच्या उजव्या हाताला पट्टी, म्हणून चिमटा माझ्या हातात. ते भिंग लावून बघायचे आणि सांगायचे, "आणखी आत. डावीकडं. त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये. ढकलू नकोस, जाऊ दे तिला." दाणा बसला. त्याची केसासारखी तार मी कवचातून बाहेर काढली, हँडलवर आकड्याची खिडकी लावली. आकडा ठरल्या हद्दीच्या वर गेला की मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलरच तिचा जोर कमी करेल, असंही जोडून घेतलं.

रविवारी दुपारी मी गाडी घाटात नेली. सोबत बाईंच्या वजनाइतकी खडीची पोती. सावकाश चढवली की आकडा सरसर वर जायचा. बेतानं वेग धरला की थांबायचा. जपून चालवणंच तिच्या जिवावर उठत होतं. चौथ्या वळणावर एकदा, पाचव्यावर एकदा विसावा दिला आणि गाडी यवतेश्वरच्या माथ्यावर पोचली. मी बाईंना फोन केला. म्हणाले, "होईल. पण रखडायचं नाही, आणि आकडा सांगेल तिथं थांबायचं."

"कोण सांगेल?" बाई म्हणाल्या. "ती खिडकी की पांचाळमामा?"

"दोघं."

सोमवारी बाईंनी सही केली नाही.

त्याच सोमवारी मी अप्पांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हातावर सुई टोचली, पायावर टोचली, डोळे मिटायला लावून विचारलं, "कुठं टोचली?" अप्पा प्रत्येक वेळी चुकले. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल. जाणीव परत येईल असं मी सांगत नाही. रोज तळहात, तळपाय बघायचे. काही लागलं, भाजलं, टोचलं तर यांना कळणार नाही, तुम्हाला बघावं लागेल.

घरी आल्यावर ऊन उंबऱ्यात होतं. मी पाट मांडला, समोर बसले आणि म्हणाले, "पाय द्या."

"बापाचे पाय पोरीनं बघायचे? काय वेळ आलीय."

"द्या म्हणते ना."

त्यांनी पॅन्ट घोट्याच्या वर सरकवली. मग उजवा पाय पुढं केला. मी तो मांडीवर घेतला. टाचेच्या भेगेत काहीतरी चमकत होतं. तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा, आत रुतलेला, आणि भोवती लाल कडं धरलेलं. किती दिवसांचा कोण जाणे. कदाचित हाच रुतलेला घेऊन ते घाटात बाईंसमोर ताठ उभे राहिले होते.

मी चिमटा आणला. तारेचं टोक पकडलं आणि ओढलं. तार निघाली, मागं रक्ताचा एक टिपका आला. माझे डोळे आपोआप मिटले, दात आवळले गेले.

अप्पा पायाकडं बघतच नव्हते. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"दुखलं का गं?" त्यांनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तेव्हा कुठं त्यांनी पाय मागं घेतला.